दक्षिणेचे दार तिकडे शुभ

चीनमधील ग्रामीण घरबांधणीच्या लोकसमजुतींवरील रविवार पुरवणीतील लेखात त्या सरसकट अंधश्रद्धा ठरवल्या आहेत, ते पटले नाही. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात सैबेरियाकडून बोचरे वारे येतात. बीजिंग सुमारे ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेला असतो. तिथे दक्षिणेकडे दार ठेवले की घरात ऊन येते आणि उत्तरेची भिंत बंद ठेवली की थंडी अडते. घळीच्या तोंडाशी घर बांधू नये, यामागेही पुराचा अनुभव असणार. अंगणात पॉप्लरचे झाड नको, कारण त्याच्या पानांची सळसळ म्हणजे भुतांच्या टाळ्या, हे मात्र खुशाल सोडून द्यावे. गंमत म्हणजे आपल्याकडे दक्षिणमुखी फ्लॅट अशुभ म्हणून भाव पाडून मागतात आणि ताबा मिळताच त्यात चिनी फेंगशुईचा तीन पायांचा बेडूक आणून ठेवतात!

– एक वाचक, नाशिक