आमच्या हळदीला एक माप, बाहेरच्या मसाल्याला दुसरे

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. मसाल्यांतील कीटकनाशकांच्या अंशाची बातमी काल आपल्या अंकात नवव्या पानाच्या तळाला वाचली. जेमतेम आठ ओळी. रोज प्रत्येक घराच्या फोडणीत पडणाऱ्या जिनसांची बातमी आहे ही, साहेब.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२४ मध्ये किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा ०.१ केली, ती फक्त भारतात नोंदणी नसलेल्या कीटकनाशक औषधांपुरती, हा खुलासा आपण जसाच्या तसा छापला. मला राग आला तो तिथेच. नोंदणी नसलेले औषध मला कृषी सेवा केंद्रात मिळत नाही. ते विकणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. मग त्याचा अंश मसाल्यात येणार कुठून? बाहेरून येणाऱ्या दालचिनीतून, मिऱ्यातून, लवंगेतून. आणि ज्या औषधाची इथे रीतसर नोंदणी आहे, पण मसाल्यासाठी मर्यादा ठरलेली नाही, त्याला ०.०१ कायम! म्हणजे इथल्या शेतकऱ्याला कडक माप आणि परक्या मालाला दहापट ढील.

गेल्या हंगामात हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून चाळीस पोती हळकुंड सांगलीला नेले. निर्यातीचा व्यापारी होता, त्याने नमुना प्रयोगशाळेत पाठवला. आठवड्याने कागद आला, एका औषधाच्या नावाभोवती तांबड्या पेनाने गोल केलेला. हळदीचा कंद पोखरणाऱ्या कंदमाशीसाठी मारलेले औषध, पावती अजून माझ्याकडे आहे. युरोपला जाणारा माल बाद झाला. दुसऱ्या दिवशी त्याच व्यापाऱ्याने "इकडच्या मार्केटला चालतंय की" म्हणत क्विंटलमागे हजार रुपये तोडून सगळी पोती उचलली. घरी आल्यावर बायकोने विचारले, "मग आपल्या डब्यातली हळद ह्यातलीच ना?" मला उत्तर देता आले नाही.

मसाला चिमूटभर लागतो, एवढ्याने काय होते, असे लोक म्हणतात. आमच्या घरात हळद पोह्यात, आमटीत, भाजीत आणि सर्दी झालेल्या नातवाच्या दुधातही पडते. त्याच एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने इथिलीन ऑक्साइड (जंतू मारायला वापरतात ते रसायन) सापडले म्हणून आपले तयार मसाले दुकानांतून काढायला लावले. त्यांच्या लोकांची काळजी त्यांनी केली. आपली कोण करणार?

जाता जाता आणखी एक. पुतण्याच्या लग्नाच्या मसाल्यासाठी सुटी दालचिनी घेतली. जाड, कडक साल होती. कुठली विचारले, तर दुकानदार म्हणाला, "एक नंबर आहे." आयात मालाच्या खोक्यावर देश छापलेला असतो, पण सुट्या मालाच्या डब्यावर काहीच नसते. देशाचे नाव दुकानातल्या पाटीवर का लिहायला लावत नाहीत, हे आपल्या वार्ताहराने अन्न व औषध प्रशासनाला विचारावे आणि उत्तर पहिल्या पानावर छापावे, ही विनंती.

आपला,
एक हळद उत्पादक शेतकरी,
ता. वाळवा, जि. सांगली