दिग्यास पत्र : रिपोर्टमधले ते 19

प्रिय दिग्या,

तुझ्या पत्राला सात आठवडे उत्तर दिलं नाही, याची लाज वाटते. मी बरा आहे, आई हिंडतेफिरते. काल तुझा रक्ताचा रिपोर्ट आला. ‘1000 पेशींत 19 मायक्रोन्यूक्लिअस’ या ओळीखाली तू तीन रेघा मारल्या आहेस. तुला झोप लागत नसणार.

आधी ते 19 म्हणजे काय ते सांगतो. रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, लॅबमध्ये 72 तास वाढवतात. 44व्या तासाला सायटोकलासिन-बी नावाचं रसायन घालतात, म्हणजे केंद्रकाचे दोन भाग होतात पण पेशी एकच राहते. या गडबडीत गुणसूत्राचा तुकडा किंवा अख्खं गुणसूत्र मागे पडलं, की त्याचा वेगळा ठिपका दिसतो; तोच मायक्रोन्यूक्लिअस. हा ठिपका म्हणजे कर्करोग नव्हे, आणि त्यावरून तुझ्या एकट्याचं पुढचं कुणालाच सांगता येत नाही. वय, सिगारेट, फोलेट-बी12 या जीवनसत्त्वांची कमतरता यांनीही आकडा चढतो. त्याच लॅबकडून तुझ्या वयाच्या, तुझ्यासारखं द्रावकांत (थिनरसारख्या उडणाऱ्या द्रवांत) काम न करणाऱ्यांचा आकडा मागव; तुझ्या रिपोर्टवर तो रकाना कोरा आहे. शऱ्याने दुसऱ्या लॅबशी केलेली तुलना सोडून दे, लॅबगणिक मोजणी बदलते.

रक्त पुन्हा तपासण्याआधी तुमच्या सोल्यूशनच्या, म्हणजे चिकटवणीच्या, खोलीतली हवा मोजून घ्या. डब्यावर टोल्युइन हा द्रावक लिहिलाय म्हणून तू निर्धास्त होतास; बापूच्या लग्नात आपण याच गोष्टीवर हमरीतुमरीवर आलो होतो, आठवतं? स्वस्त टोल्युइनमध्ये बेंझिन हा त्याहून घातक द्रावक मिसळलेला असू शकतो. बेंझिन 80 अंशाला उकळतं, टोल्युइन 110ला. त्यामुळे द्रवात बेंझिन 1 टक्का असलं, तर वरच्या वाफेत त्याचं प्रमाण साधारण तिप्पट होतं. इस्तंबूलच्या डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी 1974 साली चपला-बूट करणाऱ्या कामगारांतल्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) 26 केसेस छापल्या, त्या अशाच चिकटवणीच्या कामातल्या होत्या.

बेंझिन थेट गुणसूत्र तोडत नाही. यकृतातलं सीवायपी2ई1 एन्झाइम त्याचं फिनॉल आणि हायड्रोक्विनोन करतं, अस्थिमज्जेत त्याचं बेंझोक्विनोन होतं, आणि ते टोपोआयसोमरेझ-2 या दुसऱ्या एन्झाइमला अडवतं. हे दुसरं एन्झाइम डीएनएचा गुंता सोडवायला धागा कापतं आणि पुन्हा जोडतं. कापून झाल्यावर अडकलं, की टोकं तशीच उघडी राहतात. दारू नेमकं तेच सीवायपी2ई1 वाढवते. शनिवारच्या बैठकीवरून मी तेव्हा बोललो ते आज पुन्हा बोलतोय, रागावू नकोस.

हवा मोजायला पंप आणि कोळशाची नळी तुझ्या कॉलरला लावू दे, पूर्ण पाळीभर. भिंतीवर टांगलेल्या यंत्राचा आकडा तुझ्या नाकाचा नसतो. अमेरिकेत 1987पासून बेंझिनची मर्यादा 8 तासांच्या सरासरीला 1 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग, आहे. तुझं नाक कितीही तिखट असो, 1 पीपीएमचा वास येईलच असं नाही. त्याच दिवशी पाळी संपताना लघवीचा नमुना दे आणि त्यात एस-फेनिलमर्कॅप्ट्युरिक आम्ल, म्हणजे शरीरात गेलेल्या बेंझिनची खूण, तपासायला सांग; लघवी किती पातळ आहे ते कळायला क्रिएटिनिनसकट. नुसतं म्युकॉनिक आम्ल ही बेंझिनची दुसरी खूण मोजली तर डबाबंद खाण्यातल्या सॉर्बिक आम्लानेही ते वाढलेलं दिसतं. साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणीही कर. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट हळूहळू उतरताहेत का, ते जुन्या रिपोर्टांशी ताडून बघ.

वहिनींनी विचारलेलं तुला माझ्यापाशी काढायला जड गेलं, हे कळलं. लिम्फोसाइटमधली तुटफूट मुलांत जात नाही. शुक्रपेशींचा हिशोब वेगळा. बेंझिन हाताळणाऱ्या कामगारांच्या शुक्रपेशींत गुणसूत्रांची संख्या चुकल्याचं अभ्यासांत आढळलं आहे. शुक्रपेशी तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर निदान तीन महिने त्या खोलीपासून दूर राहा, आणि मगच. डॉक्टरांनाही हे सांग, लपवू नकोस. ठमी तू तिथे लागण्याआधीची, तिची काळजी करू नका.

खोलीतलं सांगतो. वाफ हवेपेक्षा जड, ती टेबलावरून खाली उतरते. छताचा पंखा तिला तोंडासमोर फिरवत बसतो. ओढणारा पंखा टेबलाच्या कडेशी हवा. भांड्याला झाकण, चिंध्यांच्या डब्यालाही झाकण. कापडी मास्कमधून वाफ आरपार जाते. मास्कला कोळशाचं कार्ट्रिज लागतं, आणि ते वास येईपर्यंत वापरायचं नसतं, तास ठरवून बदलायचं. पाळी संपली की हवाबंद पिशवीत ठेव, नाहीतर टेबलावर पडल्या पडल्या भरत राहतं. रबरी हातमोजे या द्रावकांत फुगतात. पातळ नायट्राइलमधूनही टोल्युइन काही मिनिटांत पलीकडे येतं. आणि थिनरने हात धुणं आजपासून बंद. कातडीतूनही जातं रे.

ठमीचा निकाल वाचला, शाबास म्हणावं. नव्या घराचं सविस्तर लिही.

उद्या त्या डब्याच्या लेबलाचा फोटो पाठव, मागच्या बाजूचाही. बॅच नंबर दिसला पाहिजे.

तुझाच,
नंदू