महासाथीत घरी पढलेली नमाज

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोविडची साथ सरली आणि 'तेव्हा उगाच मशिदी बंद ठेवल्या, ईमान (अल्लाहवरची श्रद्धा) कमी पडले' असे म्हणणारे आता पुन्हा भेटू लागले आहेत. मशिदीत जमातीने, म्हणजे सर्वांबरोबर, नमाज पढणारा एक मुसलमान म्हणून मला त्यांना उत्तर द्यावेसे वाटते, कारण तो काळ मी ईमानाच्या बळावरच काढला.

'मौत अल्लाहच्या हाती आहे, मग मास्क कशाला?' हा प्रश्न फार जुना आहे. दुसरे खलिफा हजरत उमर शामकडे (आजचा सीरिया आणि आसपासचा प्रदेश) निघाले असताना सरघ या ठिकाणी त्यांना पुढे प्लेग पसरल्याची खबर मिळाली. साथीदारांशी मसलत करून त्यांनी मागे फिरायचे ठरवले. सेनापती अबू उबैदा यांनी विचारले, 'अल्लाहने लिहिलेल्या तकदिरीपासून पळता?' उमर म्हणाले, 'होय, अल्लाहच्या एका तकदिरीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदिरीकडे.' तेवढ्यात पैगंबरसाहेबांचे साथीदार अब्दुर्रहमान बिन औफ आले आणि त्यांनी पैगंबरसाहेबांची हदीस (त्यांचे वचन) सांगितली: ज्या मुलखात साथ आहे तिथे जाऊ नका, आणि तुम्ही आहात तिथेच साथ आली तर तिच्या भीतीने तिथून पळू नका.

यातला पहिला भाग पाळणे सोपे आहे, जड आहे तो दुसरा. स्वतःचा जीव धोक्यात असताना थांबायचे कशासाठी? आपल्याबरोबर आजार दुसऱ्यांच्या दारी जाऊ नये म्हणून, असे मी समजतो. सब्र (धीर) ठेवून तिथेच थांबणाऱ्याला शहीदाचे पुण्य मिळते, असेही हदीसमध्ये आहे. विलगीकरणात एकटा पडून होतो तेव्हा मला याच वचनाने धीर दिला. आपल्याला कोंडून घातले आहे असे वाटायचे थांबले. इथे थांबणे हेच आपले काम आहे, असे वाटू लागले.

आपल्याकडे अल्लाहचा हक्क आणि बंद्यांचा, म्हणजे माणसांचा, हक्क यांत फरक केला जातो. माझी नमाज चुकली तर मी तौबा करीन, अल्लाह रहीम आहे. पण माझ्या बेफिकिरीने दुसऱ्याचे नुकसान झाले, तर ज्याचे झाले त्यानेच माफ करायला हवे. आणि तो माणूस त्या आजाराने गेलाच असेल, तर माफी कोणाकडे मागायची? 'मला काही होत नाही' असे छातीठोक सांगणाऱ्यांनी या प्रश्नावर थोडे थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कच्चा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, अशी हदीस आहे, कारण वासाने शेजारच्या नमाजीला त्रास होतो. नुसत्या वासाची एवढी काळजी घेणाऱ्या आपल्या धर्मात संसर्गाची काळजी हे परके फर्मान कसे ठरेल?

हदीसचे थोर आलिम (विद्वान) इब्न हजर अस्कलानी यांच्या तीन मुली प्लेगने गेल्या. हिजरी 833 मध्ये, म्हणजे इ. स. 1430 मध्ये, कैरोत साथ असताना लोक रोजे ठेवून शहराबाहेर सामुदायिक दुवेसाठी जमले. त्याआधी रोज 40 पेक्षा कमी माणसे दगावत होती, त्यानंतर हा आकडा हजारावर गेला, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. दुवेवर त्यांचा विश्वास आपल्यापेक्षा कमी नव्हता. तरीही डोळ्यांनी पाहिले ते त्यांनी लपवले नाही.

सोपे काहीच नव्हते. तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज, घरी पढणे एक वेळ जमून गेले. घरातली मुले पहिल्यांदाच रांगेत माझ्या शेजारी उभी राहिली, त्याचा आनंदही होता. पण मामांच्या जनाज्याला खांदा देता आला नाही, ते दुःख अजून तसेच आहे. मय्यतीला गुस्ल (अंघोळ) देणे, मूठभर माती देणे हा जिवंत माणसांवर मृताचा हक्क आहे. तो मोजक्या जणांनी आमच्या सर्वांच्या वतीने अदा केला. शरीयतनुसार काहींनी केले तरी सर्वांचे फर्ज उतरते, हे मला ठाऊक होते. मनाला ते पटायला वेळ लागला.

2020 च्या हजला बाहेरच्या देशांतून कोणालाच जाता आले नाही. सौदी अरेबियात आधीपासून असलेल्या थोड्याच लोकांना परवानगी मिळाली. 2021 मध्ये तिथलेच 60 हजार जण, तेही लस घेतलेले. हजसाठी मेनिंजायटिसची लस तर कोविडच्या कितीतरी आधीपासून सक्तीची आहे आणि आपले हाजी ती बिनतक्रार घेत आले आहेत. मग इतर लसींच्या वेळी ईमानाचा प्रश्न कुठून येतो?

इमामसाहेबांनी आणि मशिदींच्या विश्वस्तांनी या गोष्टी साथ नसतानाच जुम्याच्या (शुक्रवारच्या) खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, सांगाव्यात. अफवा सुरू झाल्या की कोणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसते. ज्याला ताप-खोकला आहे त्याने घरी नमाज पढली तर त्याला कोणी नावे ठेवणार नाही, एवढे तरी प्रत्येक मशिदीत जाहीर व्हावे.

आपला,
एक मुस्लिम वाचक