शंभर फुटांची फिल्म घरी धुता आली, त्याबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या रविवारी पहाटे माझ्या गच्चीवरील खोलीत १६ मिमी फिल्मची शंभर फुटांची अखंड पट्टी धुऊन तयार झाली. आपले नाव जाहीर करू नये अशी आपली इच्छा असल्यामुळे ते येथे लिहीत नाही. परंतु आयुष्यभर फिल्म लॅबच्या अंधारात काम केलेल्या माणसाने एका अनोळखी नवशिक्यासाठी तीन महिने किती कष्ट घेतले, हे चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

शंभर फूट म्हणजे साडेतीस मीटर. त्यात सुमारे चार हजार चौकटी असतात आणि पडद्यावर त्या जेमतेम पावणेतीन मिनिटे चालतात. क्षेत्रफळाने मात्र ही पट्टी छत्तीस फोटोंच्या नऊ-साडेनऊ रोलांएवढी भरते. साध्या टाकीत ती मावणार नाही म्हणून मी ती पहिल्यांदा बादलीत सोडून ढवळली, आणि जिथे पट्टी पट्टीला चिकटली तिथे डेव्हलपर, म्हणजे फिल्मवरचे चित्र उमटवणारे रसायन, पोहोचलाच नाही. ते डागाळलेले भेंडोळे घेऊन मी आपल्या दारी आलो, तेव्हा आपण ते खिडकीशी धरून पाहिलेत आणि "ड्रम करू" एवढेच म्हणालात.

त्याच दुपारी आपण वहीच्या पानावर हिशेब मांडलात: अर्ध्या मीटर व्यासाच्या दोन चकत्या, त्यांच्या कडेने बारा पीव्हीसी पाइप, एका वेढ्याला सुमारे १५५ सेंटीमीटर फिल्म, म्हणजे एकूण वीस वेढे, दोन वेढ्यांत चार मिलिमीटरची फट धरली तर ४० सेंटीमीटर लांबी पुरे. खाली निळे प्लॅस्टिकचे पिंप उभे चिरून केलेली पन्हळ, तिचे उघडे टोक प्लॅस्टिक वेल्डिंगने बंद केलेले. ड्रमचा तळ तेवढा द्रावणात बुडतो आणि हाताने फिरवत राहिले की पट्टीचा प्रत्येक भाग आळीपाळीने भिजतो, त्यामुळे पिंपभर रसायन न लागता पाच लिटरांत काम भागते. एका पाइपवर दर दोन सेंटीमीटरला नायलॉनची खुंटी बसवायला आपणच सांगितलेत. पूर्ण काळोखात वेढा कुठे चालला आहे, हे बोटाला त्या खुंट्यांवरूनच समजते.

आसाला मी हौसेने पितळी बुश, म्हणजे आस ज्यात फिरतो त्या नळ्या, बसवले होते. ते आपण तत्काळ काढायला लावलेत, कारण पितळेतील तांबे डेव्हलपरमध्ये उतरले की फिल्मवर धुरकट छटा चढते. त्या वेळी मला हा अतिरेक वाटला होता. आज त्या शंकेबद्दल आपली क्षमा मागतो.

परंतु माझे सर्वांत मोठे ऋण एका सैल पाइपचे आहे. पहिल्या चाचणीत कोरडी असताना घट्ट बसलेली पट्टी पाण्यात जाताच ढिली पडली, वेढे घसरून एकमेकांवर चढले आणि वीस-पंचवीस फूट फिल्म वाया गेली. ॲसिटेटची फिल्म ओली झाली की किंचित लांबते, हे मी वाचले होते, म्हणून दोन्ही टोकांना इलॅस्टिक बांधले होते. पण मधल्या वेढ्यांची ढिलाई टोकापर्यंत पोहोचतच नव्हती. आपण संध्याकाळभर विचार करून दुसऱ्या दिवशी चकत्यांमध्ये दोन खाचा पाडल्यात, बारापैकी एक पाइप त्यांत मोकळा ठेवलात आणि रबराने तो बाहेरच्या दिशेने ताणलात. आता फिल्म जेवढी लांबते तेवढा तो पाइप बाहेर सरकतो आणि विसांच्या वीस वेढे एकाच वेळी ताणले जातात. इतका साधा, इतका नेमका उपाय मला वर्षभरात सुचला नसता.

डेव्हलपर आपल्या सांगण्यावरून घरीच कालवला. पाच लिटरांना मेटॉल १० ग्रॅम, सोडियम सल्फाइट ५०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन २५ ग्रॅम आणि बोरॅक्स १० ग्रॅम. उन्हाळ्याच्या दिवसांत २० अंश राखण्यासाठी बर्फाच्या बंद पिशव्या वापरल्या, आणि केवळ डेव्हलपर नव्हे तर फिक्सर (उमटलेले चित्र पक्के करणारे द्रावण) आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानावर ठेवले. ड्रम सतत हवेतून फिरत असल्याने डेव्हलपर लवकर मरतो, तो पुन्हा वापरू नये, ही आपली ताकीदही पाळली.

दादासाहेब फाळके यांच्या घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडत आणि रसायनांच्या कामातही हात देत, हे आपण मला ड्रम फिरवता फिरवता सांगितलेत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईतील एका कुटुंबाने राहत्या घरात हे सर्व केले, हे ऐकताना माझ्या खोलीतील तो काळोख मला फार आपलासा वाटला.

मजुरी म्हणून आपण एक पैसाही घेतला नाहीत. रविवारी फोनवर आपण एकच प्रश्न विचारलात, की शेवटचा वेढा पहिल्याइतकाच गडद आला आहे का. त्या वेळी पट्टी ओली होती, म्हणून उत्तर देता आले नाही. काल दोन्ही टोके उजेडाच्या काचेवर शेजारी ठेवून पाहिली. काका, काहीही फरक नाही.

आपला कृतज्ञ,
गच्चीवरच्या खोलीतील विद्यार्थी