आई-बाबा, शनिवारी दाराला नवं कुलूप बसणार आहे

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि.

आधी बातमी सांगते, मग काय रागवायचं ते रागवा. पुढच्या दाराला स्मार्ट लॉक घेतलंय, म्हणजे नंबर दाबून नाहीतर मोबाईलवरनं उघडणारं कुलूप. ऑर्डर गेली, पैसे गेले. शनिवारी सकाळी सुतार येईल आणि ११ च्या सुमाराला कुलूप बसवणारा माणूस. फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते, आणि बाबांचं "बघू" म्हणजे काय ते गच्चीवरच्या सोलरला विचारा. म्हणून लिहून पाठवतेय, चहा झाला की दोघं चष्मा लावून निवांत वाचा. दादाला माहितीय, त्याला फोन करून उलटतपासणी घेऊ नका. किंमत पण विचारू नका. असली कुलपं आठ-दहा हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत मिळतात, मी मधलं घेतलंय, विषय संपला.

पाडव्याला आले होते तेव्हा दाराच्या कडेला पट्टी लावून बघत होते आणि बाबांनी विचारलं काय करायलीस, तेव्हा मी पडद्याचं माप म्हटलं. ते दाराच्या जाडीचं माप होतं. बरीचशी कुलपं ३५ ते ५० मिलिमीटर जाडीच्या दारालाच बसतात, आपलं आजोबांच्या काळातलं सागवानी दार बसतंय का ते बघायचं होतं. बसतंय. 

आता कशाला, हा आईचा प्रश्न. शुक्रवार पेठेत आजवर आपल्याकडं चोरी झाली नाही, गल्ली जागती आहे, सगळं मान्य. पण संक्रांतीनंतरची ती सकाळ माझ्या डोक्यातनं जात नाही. आई देवळात, बाबा आत, दाराला वरची कडी, आणि बाहेर शेजारच्या वहिनी बेल वाजवतायत. मी परत उगाळत बसत नाही. बाबा, तुम्ही ठणठणीत आहात, डॉक्टरांनी गोळी बदलली, चक्कर थांबली, मला सगळं ठाऊक आहे. पण त्या दिवशी परसातल्या भिंतीवरनं उडी मारून पोरगा आत गेला म्हणून दार उघडलं, आणि मी इथं पुण्यात फोन कानाला लावून नुसती उभी. आपण आजवर कुलूप बघितलं ते बाहेरचा माणूस आत येऊ नये म्हणून. मला आता असं पाहिजे की जो यायला पाहिजे तो येऊ शकेल.

बरं, चोराचं पण बघितलंय, तसं नाही. आत्ता जे लॅच आहे ना, दार ओढलं की खटकन लागतं ते, त्याची जीभ तिरकी असते आणि मागं स्प्रिंग असते. दाराच्या फटीतनं पातळ पत्रा नाहीतर कडक प्लॅस्टिकचं कार्ड घालून ती जीभ मागं सारता येते, माहीतगार माणसाला फार वेळ लागत नाही. नवीन घेतलंय ते डेडबोल्ट आहे, म्हणजे चौकोनी पोलादी दांडा, साधारण इंचभर चौकटीत जातो आणि त्याला स्प्रिंगच नाही, फिरवल्याशिवाय हलत नाही. आणि बाबा, हे तुम्हाला आवडेल म्हणून सांगते: दार लाथ मारून फोडतात तेव्हा कुलूप क्वचितच तुटतं, चौकटीतली पट्टी उपटून येते. आपल्या पट्टीचे स्क्रू मी काढून बघितले, नखाएवढे आहेत आणि एक तर नुसता भोकात ठेवलाय. सुताराला तीन इंची स्क्रू आणायला सांगितलेत, पार चौकटीच्या लाकडात खोल जाणारे. समोर उभं राहून बघा, तो आळस करून जुनेच लावेल.

सुताराचं मुख्य काम वेगळंच आहे. आपलं दार जूनपासनं फुगतं, आई त्याला खांदा लावून ढकलते आणि मग कडी लागते. या कुलपात छोटी मोटर असते, ती दांडा सरकवते, तिला खांदा नाही. दार जरा जरी चौकटीला घासलं, दांड्यासमोर भोक नीट आलं नाही, की मोटर कुरकुरत राहते, कुलूप लागत नाही आणि सेल निम्म्या दिवसांत संपतात. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत रंधा मारून घ्यायचा. आत्ता मे महिन्यात दार वाळून आकसलंय, सुतार म्हणेल "कुठं घासतंय, झक्कास तर आहे", तर त्याला पावसाळ्याची जागा सोडायला लावा. वरच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, जिथं रंग उडून पांढरा पट्टा पडलाय, तिथं नक्की. आणि रंधा मारला की ती कोरी कड रंगवून घ्यायची, नाहीतर तिथनंच पाणी पिऊन परत फुगेल.

तुमचं काय बदलणार? खरं तर फार काही नाही. उंबरा, त्याच्यावरची हळदकुंकवाची बोटं, वरचं अंबाबाईचं चित्र, तोरणाचे खिळे, कशाला हात लागणार नाही. बेल तीच. संध्याकाळी दार सताड उघडं टाकून दोघं कट्ट्यावर बसता ते तसंच बसा. कुलूप आपोआप लागायची सोय आहे पण दिवसा मी ती बंद ठेवणार, नाहीतर आई फुलं तोडायला बाहेर जाईल आणि दार मागं लागून बसेल. फक्त रात्री दहानंतर आपोआप लागेल, आणि दार नीट मिटलंय का ते आधी चौकटीतल्या लोहचुंबकावरनं बघूनच लागेल.

बाबा, तुम्ही गंगावेशीत दुधाला नाहीतर रंकाळ्यावर फिरायला जाता, किल्ली खिशात खुळखुळते, रुमाल काढताना पडते, आणि मग मीटरच्या पेटीत दुसरी ठेवलेली असते. ती मीटरच्या पेटीतली किल्ली पेपर टाकणाऱ्या पोराला माहितीय, गॅसवाल्याला माहितीय, मला वाटतं शुक्रवार पेठेत ती फक्त चोरालाच माहिती नसेल. आता किल्ली न्यायचीच नाही. दारावर आकडे आहेत, नंबर दाबायचा, आत यायचं.

बोटाचा ठसा पण चालतो, पण मी त्याच्या भरवशावर राहिले नाही. रेशनच्या दुकानात आईचं बोट लागत नाही, हयातीच्या दाखल्याला नोव्हेंबरमध्ये बँकेतल्या पोरीनं बाबांचा अंगठा किती वेळा पुसायला लावला ते आठवतंय ना. वय झालं, कामानं रेषा झिजल्या, हात कोरडे पडले की असं होतंच, त्यात तुमची काही चूक नाही. तरी दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नोंदवून घ्या, एक नाही तर दुसरं लागेल. आणि आईसाठी एक बिल्ला आहे, सुपारीएवढा, तो नुसता कुलपाला टेकवला की उघडतं. आई, तो तुझ्या कमरेच्या जुडग्यात अडकव, कपाटाच्या किल्लीशेजारी. तुला नंबर पाठ करायची गरजच नाही.

नंबराचं मात्र नीट ऐका. १२३४ नाही. लग्नाचं साल नाही, दादाचं जन्मसाल नाही, स्कूटरचा नंबर तर अजिबात नाही, तो तुम्ही सगळीकडं वापरता. सहा आकडी ठेवायचा. कुणी मागं उभं असेल तर खऱ्या नंबराच्या आधी आणि नंतर वाटेल ते आकडे दाबायचे, मधला खरा नंबर ते ओळखतं. आणि आई, हळदीच्या हातानं, तुपाच्या हातानं आकडे दाबलेस तर त्याच आकड्यांवर पिवळे डाग राहतात, मग नंबर गुपित ठेवून काय उपयोग? रोज फडक्यानं पुसायचं. ओलं फडकं नाही, कोरडं. कामाच्या मावशींना वेगळा नंबर देणार आहे, तो सकाळी ९ ते ११ एवढाच चालेल. मावशींवर अविश्वास म्हणून नाही हां, आई, तू तोंड पाडू नकोस, त्यांनाच बरं, काही हरवलं तर त्यांच्यावर संशय यायला नको. वहिनींचा नंबर मात्र रात्रंदिवस चालेल.

मोबाईलवरनं कुणीतरी पुण्या-मुंबईत बसून आपलं दार उघडेल ही बाबांची शंका रास्त आहे, मी पण तीच विचारली होती. म्हणून अनोळखी स्वस्त माल घेतला नाही, पुढची काही वर्षं अपडेट देणाऱ्या कंपनीचं घेतलं, आणि ॲपला पासवर्डशिवाय ओटीपी पण लागतो. बोलून दार उघडायची सोय होती ती मी बंदच ठेवणार. तुमच्या मोबाईलमध्ये ॲप टाकणार नाही, तुम्हाला काही शिकायचं नाही. ॲप माझ्याकडं आणि दादाकडं. म्हणजे वेळ आली तर मी इथनं दार उघडून देऊ शकते. दार कधी उघडलं, कधी लागलं ते मला दिसेल, पण मी काय दिवसभर बघत बसणार नाही, तुम्ही आठ वाजेपर्यंत झोपलात तरी विचारणार नाही. बरं, आठ वाजता विचारेन.

लाईट गेली तर? कुलूप चार पेन्सिल सेलवर चालतं, विजेवर नाही. नंबर आणि ठसे त्याच्या पोटातच साठवलेले असतात, नेट बंद पडलं तरी ते उघडतं, फक्त मला इथनं दिसणार नाही. पुराच्या दिवसांतही तेवढंच. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगा वर आली तेव्हा आत्याकडं बसून बाबांचा सगळा जीव या दारात अडकला होता, आठवतंय. पाणी दाराला लागलं तर आतलं इलेक्ट्रॉनिक जाणार हे उघड आहे, तेव्हा साधी किल्ली चालते, ती पण आहे याला. ती बघूनच हे मॉडेल घेतलं. एक किल्ली वहिनींकडं, एक आत्याकडं. मीटरच्या पेटीत नाही.

सेल अल्कलाइनच घ्यायचे, चार्जिंगचे नाहीत, त्यांचा दाब कमी असतो आणि कुलूप उगाच ओरडत राहतं. चारही एकदम बदलायचे. दसऱ्याला आणि गुढीपाडव्याला बदलायचे, संपलेले असोत नसोत. दसऱ्याला बाबा हत्यारं पुसतातच, त्यात हे एक. आणि तरी संपलेच तर बाहेरनं खालच्या बाजूला मोबाईलच्या चार्जरचं भोक आहे, पॉवर बँक लावली की तेवढ्यापुरतं चालू होतं.

आता जे सांगायचं होतं ते. सुताराला मी वरची कडी काढायला सांगितली आहे.

माहितीय, आजोबांनी बसवलेली. मी तिसरीत असताना पाटावर उभी राहून तिला हात लावायचे आणि बाबा खालनं पाट धरायचे, आणि पहिल्यांदा ती सरकली तेव्हा बाबांनी मला खांद्यावर घेऊन गल्लीत सांगितलं होतं, आमची सोनी आता घर राखणार. गणपतीच्या मिरवणुकीतनं उशिरा यायचे तेव्हा त्या कडीचा आवाज झाला की कळायचं बाबा दारामागंच बसलेले आहेत, दिवा न लावता, आणि काहीच बोलायचे नाहीत, "जेवलीस का" एवढंच. मला काय ती कडी काढताना बरं वाटतंय? पण ती आतनं लावली की नंबर, ठसा, बिल्ला, वहिनी, मी, सगळे बाहेरच. तिला बाहेरनं उघडायचा रस्ताच नाही. हजारो रुपयांचं कुलूप एका तारेच्या खटक्यानं फुकट जातं. आई देवळात गेली की बाबा परत कडी लावून पडतात, ती सवय आहे, मी नुसतं सांगून सुटणार नाही, म्हणून काढूनच टाकायला सांगितली. बाबा, टाकून देत नाही. घासून, तेल लावून माझ्यासाठी ठेवा, मी दिवाळीला घेऊन जाईन, माझ्या घराच्या दाराला लावेन. इथं आम्ही चौघं असतो, इथं चालतंय.

आतनं रात्री नुसती मूठ फिरवायची, दांडा पूर्ण लागतो, कडीपेक्षा मजबूत. आणि आतल्या बाजूला एक छोटं बटण आहे, ते दाबलं की बाहेरचे नंबर चालत नाहीत. काही कुलपांना असतं ते. बसवणाऱ्याला सांगून ते बंद करून घ्या, आणि मला तिथनंच फोन लावून द्या, मी त्याच्याशी बोलते. न विसरता.

बाथरूमचं पण राहिलंच. आत कुणी एकटं असताना कडी लावायची नाही, दार नुसतं लोटायचं. घरात तुम्ही दोघंच, लाजायचं कुणाला?

आई, शनिवारी सुताराला जेवायला बसवू नकोस, चहा-पोहे बास, नाहीतर तो जेवून आडवा होईल आणि काम रविवारवर जाईल. बाबांनी त्याला रंधा कसा धरायचा ते शिकवू नये. बसवून झालं की दार लावून, बाहेर उभं राहून, दोघांनी आपापलं तीन-तीनदा उघडून बघायचं, आणि वहिनींना बोलावून त्यांच्या नंबरानं पण. मग त्या माणसाला सोडा.

बीपीची गोळी रात्रीची, सकाळची नाही. डब्यावर चिकटवलंय मी.

तुमची
सोनी