फोन आता रात्री नाही, संध्याकाळी करणार

आई, बाबा, नमस्कार.

फोनवर तब्येतीचा, म्हणजे नुसत्या शरीराचा नाही तर एकूण जगण्याचा, विषय काढला की बाबा "बरं बरं, तब्येत सांभाळ" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई "जेवलीस का" पासून सुरू करते, म्हणून म्हणलं सरळ टाइप करून पाठवते, चष्मा लावून निवांत वाचा.

झालं काय, आमच्या ऑफिसात एचआरनं एक फॉर्म भरायला दिला. मला वाटलं नेहमीचंच असणार, वजन, उंची, बीपी. पण त्यात आठ कप्पे होते, शरीर, मन, माणसं, डोक्याला खुराक, काम, पैसा, राहती जागा आणि शेवटचा श्रद्धा म्हणा किंवा कशासाठी जगतोय ते म्हणा. प्रत्येकाला दहापैकी मार्क आपले आपणच द्यायचे. बिल हेटलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९७६ ला असे सहा कप्पे मांडले होते, पैसा आणि जागा नंतर जोडले गेले. आणि डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, घटनेत तर १९४८ पासून लिहिलंय की आजार नाही म्हणजे तब्येत चांगली असं समजू नका, शरीर, मन आणि चार माणसांतलं जगणं तिन्ही धड पाहिजे. आपल्याकडं मात्र शुगर नॉर्मल आली की विषय संपला, मग माणूस घरात दिवसभर कुणाशी बोलतोय का कुणी बघत नाही.

तर माझे मार्क. काम आठ, माणसं सहा, शरीर चार, पैसा तीन. तीन बघून घाबरू नका, फ्लॅटचा हप्ता आहे, बाकी काय नाही. आता बाबा म्हणणार, मार्क कमी त्या विषयाची शिकवणी आधी लाव. मास्तरकी अंगात मुरलीय तुमच्या! पण बघा ना, हप्ता काय मी मनावर घेतल्यानं कमी होणार नाही, तो त्याच्या वेळेनंच फिटणार. मग त्यात डोकं घालून रोज नुसतं कुढायचं कशाला? मी असा विचार केला की आपल्या हातात आहे आणि जे हललं की शेजारचे दोनचार कप्पे पण हलतील असं काय आहे, तर झोप. मोठ्या माणसाला सात तास तरी पाहिजेत, मी मोबाईल घेऊन एक वाजेपर्यंत लोळत असते, मग सकाळी डबा नाही, दुपारी वडापाव, चारला चिडचिड आणि ती चिडचिड रात्री फोनवर आईवर. म्हणून आता मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला आणि तुम्हाला फोन रात्री अकराऐवजी संध्याकाळी आठला. आई, सिरियल असते माहितेय, पण ब्रेकमध्ये बोलू. जिम, डाएट, मेडिटेशन सगळं एकदम सुरू करणारी माणसं ऑफिसात ढिगानं आहेत, महिन्यात सगळी परत समोशावर.

आता तुमचं. मी मार्क देणार नाही, पण दिसतंय ते बोलते, राग मानू नका.

बाबा, शरीराला तुम्ही नऊ देणार, रोज रंकाळ्याला फेरी आहे म्हणून. चालणं झकासच आहे, पण पासष्टीनंतर नुसतं चालून भागत नाही, आठवड्यातून तीनदा तोल सांभाळायचे व्यायाम पण करा असं डब्ल्यूएचओ सांगतंय, ओट्याला हात धरून एका पायावर उभं राहायचं, एवढं सोपं. तरी माझ्या मते तुमचा कप्पा हा नव्हेच. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर तुमची गँग असायची, काका गेल्यापासून तुम्ही तिकडं वळतच नाही, फेरीला पण कानात बातम्या लावून एकटे. कुस्तीवर तासभर भांडणारा माणूस, आता खासबागेत मैदान असलं तरी मोबाईलवर बघता. एकटेपणाचा विषय एवढा वाढलाय की डब्ल्यूएचओनं २०२३ ला त्यासाठी वेगळा आयोग नेमला, म्हणजे मी उगाच काळजी करत नाही. आठवड्यातून एकदा जावा कट्ट्यावर. दूध पिऊ नका हवं तर.

आई, तुझा श्रद्धेचा कप्पा भरलेला आहे, अंबाबाईचा शुक्रवार तू पावसात पण चुकवत नाहीस. डोक्याच्या खुराकाचं काय पण? लग्नाआधी करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तकं आणून रात्र रात्र वाचायचीस असं मावशी सांगते, ते १८५० चं वाचनालय अजून आहे गं तिथंच, तूच नाहीस. सभासद हो परत, वर्गणी मी भरते. बाबा आणून देतील म्हणू नकोस, स्वतः जा, स्वतः निवड. आणि खर्ड्यातलं मीठ जरा कमी कर, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत पाहिजे, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक छोटा चमचा. हे सगळ्यांसाठीच, तुझ्या एकटीच्या मार्कात धरत नाही.

तुम्हाला माझं पटलं नाही तर दुसरा कप्पा घ्या, पण ज्यानं त्यानं आपला आपण निवडा, बाबांनी आईचा निवडायचा नाही. कॅलेंडरच्या मागं आठ नावं लिहा, मार्क घाला आणि फोटो पाठवा. उद्या आठला फोन करते, तोवर विचार करून ठेवा.

तुमची,
सोनी

ता.क. बाबा, घरपट्टीची पावती सापडली का? त्याचा पण फोटो पाठवा.