सैतानाबद्दल, आईने विचारलं म्हणून

प्रिय आई-बाबा, शालोम.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "आपल्या ज्यू धर्मात सैतान असतो का गं?" आणि तेवढ्यात तुझा कुकर शिट्टी द्यायला लागला, विषय तिथेच राहिला. बाबांचा उजवा हात लुळा पडला ही सैतानाची करणी, असं खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या ते तुझ्या मनातून गेलेलं नाही. आवाजावरून कळतं मला.

असतो. पण देवाशी राज्यासाठी भांडणारा, शिंगंवाला, तो नव्हे. हिब्रूत सातान म्हणजे आडवा येणारा. आपल्या शास्त्रात शलमोन राजावर उठलेला, अदोम देशाचा हदाद हाडामांसाचा माणूस, त्यालाही सातानच म्हटलंय. बलाम नावाच्या भविष्य सांगणाऱ्याच्या गाढवीसमोर तलवार उपसून उभा राहिला तो तर देवाचा दूत, शब्द तोच. ईयोब या भल्या माणसावर संकटं कोसळतात त्या गोष्टीत 'हा-सातान', म्हणजे 'तो सातान', येतो तेही नाव नाही, हुद्दा आहे, सरकारी वकिलासारखा. आरोप करील, पण ईयोबाच्या अंगाला हात लावायचा तर आधी देवाची परवानगी. आणि ही देवाच्या कचेरीतली भानगड ईयोबाला शेवटपर्यंत कोणी सांगतच नाही! त्याचे मित्र मात्र येऊन बसतात आणि तुझ्यावर हे का आलं याची कारणं पानंच्या पानं ऐकवतात. शेवटी देव चिडतो तो त्या मित्रांवर. त्या बाई पुन्हा आल्या तर चहा दे आणि विषय बदल.

बाबा, आता तुमच्यासाठी. पायरीवर ठेच लागली की तुम्ही "मेल्या सैताना" म्हणता ना? तालमूदमध्ये, आपल्या जुन्या रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, ग्रंथात, पेलिमो नावाचे तुमच्यासारखेच एक गृहस्थ आहेत. रोज म्हणायचे, "सैतानाच्या डोळ्यात बाण!" योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या, आदल्या दिवशी दारात भिकारी आला. भाकरी दिली, तर म्हणे सगळे आत आणि मी बाहेर? आत घेतलं, तर म्हणे सगळे पंगतीला आणि मी एकटा? पंगतीला बसवला, तर अंगभर फोड, आणि पेल्यात थुंकला. घरचे ओरडले तसा मेल्याचं सोंग घेऊन पडला. बाहेर बोंब, पेलिमोने माणूस मारला! पेलिमो पळाले ते थेट संडासात जाऊन लपले. भिकारी मागोमाग तिथेही. त्यांची दशा बघून अखेर त्याने ओळख दिली, मीच तो सैतान, आणि विचारलं काय, तर "माझ्याबद्दल असं का बोलता?" पेलिमो म्हणाले, मग काय म्हणू? तो म्हणाला, "म्हणा, दयाळू देव सैतानाला दटावो." मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले, मग मला त्या सैतानाची थोडी दयाच आली. हुकमाचा ताबेदार बिचारा.

इथे इस्राएलात, अश्दोदला, एलूल महिना लागलाय, पहाटे सेलिहोत, म्हणजे क्षमेच्या प्रार्थना, असतात. नव्याचा सण, आपलं नवं वर्ष, आलाच. त्या दिवशी शोफार, ते मेंढ्याचं शिंग, आधी बसून आणि मग पुन्हा उभ्याने का ऐकायचा, तर सैतान गोंधळावा म्हणून, असं रब्बी म्हणतात.

दारफळणीचं, म्हणजे दारं लावून करायच्या योम किप्पूरच्या उपासाचं, मात्र नीट ऐका. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, आणि हा-सातान या अक्षरांची बेरीज होते ३६४. वर्षाचे दिवस ३६५. उरलेला एक दिवस योम किप्पूर, त्या दिवशी त्याचं काही चालत नाही. पण बाबा, त्याला सुट्टी असली तरी तुमच्या बीपीला नसते. डॉक्टर उपास नको म्हणालेत, आणि जाणत्याच्या सांगण्यावरून आजाऱ्याला त्या दिवशीही खायला द्यावं असं मिश्नात, आपल्या जुन्या नियमांच्या ग्रंथातच आहे. तेव्हा पेज घ्यायची, गोळी घ्यायची. आई, दारं लावलीस की पहिली वाटी तूच भरव, ते स्वतःहून घेणार नाहीत.

आणि मलिद्यासाठी जाड पोहे पाठव. इथले भिजवले की लगदा होतो.

तुमची,
ताई